माजघराची लादी

मे महिन्यातली दुपार होती. जेवणं झाली होती, आई ओटीवर वाऱ्याला आडवी झाली होती आणि मी मागच्या पडवीत भांडी उपडी घालत होते. तेवढ्यात घरात स्फोट झाला. मला त्यासाठी आजही दुसरा शब्द सापडत नाही. वाटलं, सिलिंडर गेला. हातातलं पातेलं मी टाकलं की ते आपोआप पडलं, देव जाणे. स्वयंपाकघरात धावले तर सिलिंडर जागच्या जागी, शेगडी बंद. मग परत आवाज झाला, या वेळी कडकड असा, आणि तो माजघरातून आला.

माजघराच्या मधोमध लादी उठली होती. देवघराच्या उंबऱ्यापासून ओटीच्या दारापर्यंत दोन ओळी वर आल्या होत्या आणि पत्त्यांचा बंगला करताना पहिली दोन पानं टेकवतात तशा एकमेकींना टेकून उभ्या होत्या. खाली हात जाईल एवढी पोकळी. मी बघत असतानाच शेजारची तिसरी लादी टच् करून तडकली. तिला कुणी हात लावला नव्हता, पाय लावला नव्हता. घरात नाग निघाला असता तरी मी इतकी घाबरले नसते. नागाचं काय करायचं ते आम्हाला ठाऊक असतं.

पाच मिनिटांपूर्वी आई हातात पाण्याचा तांब्या घेऊन तिथूनच ओटीवर गेली होती. एवढं डोक्यात आलं. मी उंबऱ्यावरच बसले. उंबऱ्यावर बसू नये असं आई मला कळायला लागल्यापासून सांगत आली आहे. त्या दिवशी तिनेही मला उठवलं नाही. दारात उभी राहून नुसती बघत राहिली.

भीती माझ्यात फार वेळ टिकत नाही, तिचा लगेच राग होतो. मी राजापूरला शाळेत शिकवते, त्यामुळे माझा आवाज साठ मुलांच्या वर्गाच्या मापाचा आहे आणि तो घरीही त्याच मापाने निघतो. लादी घालणाऱ्या गवंड्याला मी फोन केला. तो खालच्या वाडीतला. पन्नाशीचा, उंच, सडसडीत, बोलायला कंजूष. प्रत्येक लादी बसवल्यावर थापीच्या मुठीने ठोकून, मान कलती करून आवाज ऐकायची त्याची सवय होती. आजूबाजूच्या तीन गावांत लोक त्याच्या कामाचं कौतुक करत. मी स्वतः भावाला मुंबईला फोन करून सांगितलं होतं की कुणी बाहेरचा नको, आपलाच माणूस बघू.

तो दहा मिनिटांत आला. अर्धवट जेवून उठला असावा, हात ओला होता. तो पुढच्या अंगणात, खळ्यात, पोचायच्या आधीच मी सुरू झाले.

काय काय बोलले ते मला सगळं आठवतं. माझी आई मेली असती तर तुम्ही काय तोंड दाखवलं असतंत, असं विचारलं. तुमच्या विश्वासावर म्हातारं माणूस या घरात चालतं, असं म्हटलं. सात महिने झाले नाहीत आणि लादी उडाली, याला काम म्हणतात की फसवणूक, असंही म्हटलं. आवाजाने शेजारपाजारचे आवाराच्या दगडी गडग्यापाशी जमले होते. त्यात देवळाचे मुख्य मानकरीही होते. आमच्या ग्रामदेवीच्या सभामंडपाची जमीन अजून मातीची होती, वाड्यावाड्यांच्या बायका पाळीपाळीने ती सारवायच्या. तिथे या वर्षी लादी घालायचं ठरलं होतं आणि ते काम याच गवंड्याला दिलं होतं. गावाच्या देवळाचं काम आयुष्यात एकदाच मिळतं. त्याच्या घरात त्या दिवशी पेढे वाटले होते हे मला माहीत होतं. आमच्याकडेही आले होते.

मानकऱ्यांना पाहून मी आवाज आणखी चढवला. म्हटलं, "ज्याला एक माजघर धड करता येत नाही, त्याच्या हातात तुम्ही देवीचा सभामंडप देताय. उद्या पालखी नाचताना लादी उडाली म्हणजे कळेल."

गवंडी आत गेला, गुडघ्यांवर बसला, उठलेली एक लादी दोन्ही हातांनी वर काढली आणि उलटी करून बघितली. बराच वेळ बघितली. मग जशी होती तशी अलगद परत ठेवली आणि उठला.

"ताई, चूक माजी हाय," तो म्हणाला. "सगळी काढून परत घालून देतो."

एवढंच. कबुली मिळाल्यावर मला केवढं बरं वाटलं. स्वयंपाकघराची आणि देवघराची लादीही त्यानेच घातली होती आणि ती जागची हलली नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

दोन दिवसांनी कळलं की देवळाचं काम त्याच्याकडून काढून घ्यायचं चाललं आहे. रविवारी सकाळी देवळात बैठक होती, तिथे पक्कं व्हायचं होतं. रेशनच्या दुकानात एकजण मला म्हणाला, "बरं झालं तुम्ही बोललात, नाहीतर गाव फसलं असतं." मी घरी येऊन हे आईला सांगितलं. हो, अभिमानाने सांगितलं. आई फणसाच्या आठळ्या सोलत होती. तिने मान वर केली नाही.

गवंडी रोज सकाळी येत होता. एकटाच. लादी मोडून काढायची म्हणजे घणाचं काम, पण तो पहारीने एकेक लादी उचकटायचा. खालचा सिमेंट-वाळूचा थर लादीला चिकटून अख्खाच्या अख्खा वर येत होता, खालच्या सिमेंटच्या कोब्यावर त्याचा कणही राहत नव्हता. तो एकेक तुकडा उचलून मागे आमच्या रिकाम्या गोठ्याच्या भिंतीशी नेई आणि भिंतीला टेकवून ठेवी, चकचकीत बाजू बाहेर आणि मागची बाजू भिंतीकडे. मोडकी लादी कुणी इतकी नीट रचून ठेवतं का, असं मला वाटलं. मी एकदा हात लावायला गेले तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे ताई, धार लागल." माझ्याशी तो इतकंच बोलत होता आणि मीही घुश्शातच होते.

शनिवारी दुपारी तो जेवायला घरी गेला. आमचा धुण्याचा दगड हलत होता, त्याखाली सारायला मला एक तुकडा हवा होता. मी गोठ्याशी गेले, एक बेताचा तुकडा ओढला आणि हातात उलटा धरला.

मागच्या सिमेंटवर हिरवट-तपकिरी साल होती. गुळगुळीत. तिच्यात गवताच्या दोन काड्या चिकटलेल्या. आणि त्या सालीवर अर्धगोल रेघा उमटल्या होत्या, एकापुढे एक, एकीत एक मिसळत गेलेल्या. सारवणाच्या.

लहानपणी माझं उजव्या हाताचं करंगळीजवळचं बोट दारात चेमटलं. ते तेव्हापासून सरळ होत नाही. त्यामुळे मी सारवते तेव्हा दोन रेघा उठतात, मग एक गाळलेली जागा, मग करंगळीची रेघ. आई मला चिडवायची की तुझं सारवण अंधारातसुद्धा ओळखू येईल. त्या तुकड्यावर दोन रेघा होत्या, मग गाळलेली जागा, मग एक बारीक रेघ. मी दुसरा तुकडा ओढला. तिसरा ओढला. शेवटी मी माझा हात त्या रेघांवर ठेवला. बोटं जिथल्या तिथे बसली. मी तिथेच भिंतीशी खाली बसले.

मग मला ते सगळं आठवलं, आणि ते आठवायला काही कष्ट पडले नाहीत. ते मी कधी विसरलेच नव्हते. फक्त एकाला एक जोडलं नव्हतं.

अश्विनातली गोष्ट. स्वयंपाकघराची आणि देवघराची लादी झाली होती, माजघरात नुसता कोबा वाळत पडला होता. मध्ये नव्याचा दिवस आला. त्या दिवशी शेतातल्या नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानात घेऊन घरात आणतात. आणणाऱ्याच्या पायांवर दारात पाणी घालतात, लोंब्या देवापुढे ठेवतात आणि मग दाराला, खांबाला, माठाला बांधतात. गवंड्याच्या घरीही नवं होतं, म्हणून कामाला सुट्टी. आदल्या संध्याकाळी आई त्या करड्या कोब्याकडे बघत म्हणाली, "नवं काय सिमिटावरनं आणायचं?" मी आधी हसले. नंतर शेजारच्या गोठ्यातून शेण आणलं आणि पदर खोचून बसले. देवापुढचा एक पट्टा सारवला असता तरी चाललं असतं. मी अख्खं माजघर सारवलं. आईने आयुष्यात माझ्या ज्या एका कामाला चांगलं म्हटलं ते हे, आणि आता लादी आली की ते कायमचं संपणार होतं. दोन तास मी सारवत होते आणि फार सुखात होते.

नव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी शाळेत गेले. जाताना माजघर सारवलेलं होतं. संध्याकाळी आले तेव्हा निम्म्या माजघरात लादी झळकत होती. मधल्या वेळात त्या सारवणाचं काय झालं, हा प्रश्न मला सात महिन्यांत एकदाही पडला नाही. मुलांना कार्यकारणभाव शिकवते मी.

मी तुकडा घेऊन ओटीवर गेले आणि आठळ्या सोलत बसलेल्या आईपुढे ठेवला. विचारलं, "ते सारवण गवंड्यानं धुतलं नव्हतं?"

आईने तुकड्याकडे बघितलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तो धुवायलाच बसला होता," ती म्हणाली. "बादली आणलान, खराटा आणलान. मीच नको म्हटलं. कालच त्याच्यावरनं नवं घरात आलं, आणि आज खराट्यानं खरवडायचं? म्हटलं, वरनंच घाल."

"आणि त्याने ऐकलं?"

"दोनदा सांगितलान, काकी, शेणावर लादी धरायची नाय. म्हटलं, नाय धरली तर माझ्यावर घाल."

माझा आवाज चढला. माझा आवाज चढतोच. "मग त्या दिवशी खळ्यात मी त्याला बोलत होते, तेव्हा तोंड का नाही उघडलंस?"

"उघडलं होतं. अगो ऐक, म्हटलं. दोनदा म्हटलं. तू थांबलीस कधी?"

मी तुकडा परत उचलला.

"आणि नंतर?" मी विचारलं. "चार दिवस झाले त्याला."

"नंतर तू खूश होतीस," आई म्हणाली, आणि तिने पुढची आठळी उचलली. ती आधीच सोललेली होती. आई घाबरलेली होती, चार दिवस घाबरलेली होती, आणि मला ते दिसलं नव्हतं. माझी आई मला घाबरते, हे मला त्या ओटीवर पहिल्यांदा कळलं. लादी उडाली तेव्हा बसला नव्हता असा धक्का मला तेव्हा बसला.

गवंडी जेवून परत आला. माझ्या हातातला तुकडा बघून तो खळ्यातच थांबला.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलू? म्हातारीवर टाकू?"

"तिने सांगितलं होतं ना, माझ्यावर घाल म्हणून?"

"तसं घरातलं माणूस म्हणतंच," तो म्हणाला. आणि मग मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं इतकं तो बोलला. "काकींनी अंगावर घेतलं म्हणून लादी धरत नाय, ताई. त्यांना लादीतलं काय कळतंय? मला कळत होतं. मी नाय म्हणायला होयं होतं. माज्या घरात पण आदल्या दिवशी सारवलेलं. माजापण हात नाय वळला खराट्याकडं. म्हणून चूक माजी."

तुकडे भिंतीकडे तोंड करून का ठेवले, ते मी विचारलं नाही. त्याने पहिल्याच दिवशी ती लादी उलटी करून माझ्या बोटांची खूण बघितली होती. माझ्या शिव्या खात असताना बघितली होती. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही.

"उद्या बैठकीत मी खरं सांगते," मी म्हटलं.

"काकींना चव्हाट्यावर आणू नका," तो म्हणाला आणि पहार घेऊन आत गेला.

आईचं नाव घ्यायची गरजच नव्हती. सारवण माझं होतं. रविवारी सकाळी मी एक तुकडा तांदळाच्या पिशवीत घातला आणि आईला घरी ठेवून देवळात गेले. बैठकीत बायका एका बाजूला, खांबांच्या पलीकडे बसतात. मी तिथे न बसता मधे गेले. गवंडी एका कडेला उभा होता. तुकडा मानकऱ्यांपुढे उलटा ठेवला आणि त्या रेघांवर माझा हात ठेवला.

"हे सारवण माझं आहे," मी म्हटलं. "मी ते धुतलं नाही आणि कुणाला सांगितलं नाही. त्याच्यामुळे लादी उडाली. आणि चारचौघांत शिव्या मात्र मी यांना घातल्या. मी खोटं बोलले असं समजा आणि काम यांच्याकडेच ठेवा."

मला वाटलं, झालं. आता सगळे माना डोलावतील, एखादा म्हणेल की बाईंनी मोठेपणा दाखवला. मानकऱ्यांनी तुकडा हातात घेतला, नखाने साल खरवडून बघितली आणि गवंड्याकडे वळले.

"तुला हे सारवण दिसलं नव्हतं?"

हा प्रश्न येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नाही म्हणाला तर आंधळा कारागीर, हो म्हणाला तर लबाड. मी त्याला सोडवायला गेले होते आणि आणखी खोल ढकलून बसले होते.

"दिसलं," गवंडी म्हणाला.

"मग घातलीस कशी?"

तो खाली तुकड्याकडे बघायला लागला. त्याला आईचं नाव घ्यायचं नव्हतं, आणि मी शब्द दिल्यासारखी अडकले होते. मी पहिल्यांदाच मधे बोलले नाही. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला.

आई देवळाच्या पायऱ्या वर्षभरात चढली नव्हती. ती घरून एकटी, थांबत, बसत आली होती आणि खांबाला धरून उभी होती. धाप लागली होती. "मी सांगितलं घाल म्हणून," ती म्हणाली. "त्याचा इलाज नव्हता. मी देवाची भीती घातली त्याला."

मानकऱ्यांनी तिला बसायला सांगितलं. मग ते परत गवंड्याकडे वळले.

"हा सभामंडप आजवर आपल्याच बायकांनी सारवलाय," ते म्हणाले. "इथं लादी घालायच्या आदल्या दिवशी पन्नास काकी तुझ्यापुढं उभ्या ऱ्हातील, खरवडू नको म्हणून. तेव्हा काय करशील?"

"खरवडीन."

"मी नको म्हटलं तर?"

"तरी खरवडीन."

"आणि देवीनं कौल दिला, नको म्हणून?"

आमच्याकडे कौलापुढे कुणी बोलत नाही. लग्नं मोडतात, विहिरींच्या जागा बदलतात, पण कौलाला कुणी नाही म्हणत नाही. मला धडकी भरली. गवंड्याने गाभाऱ्याकडे बघून हात जोडले.

"मग काम सोडून घरी जाईन," तो म्हणाला. "पण शेणावर लादी नाय घालणार."

बायकांच्या बाजूने कुजबुज उठली. मानकऱ्यांनी तुकडा खाली ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "उद्या दोरी घेऊन ये, माप धरू."

सभामंडप पावसाच्या आत झाला. आमचं माजघरही झालं. लादी घालायच्या दिवशी त्याने कोबा तीनदा धुतला आणि मला हाक मारून म्हणाला, "ताई, हात फिरवून बघा. आज कसला सण नाय ना?" आई ओटीवरून हसली. मी त्याची माफी मागितली होती, त्याने "असू दे" म्हटलं होतं आणि गावातही तो विषय संपला होता. आई आता त्याच लादीवरून तांब्या घेऊन ये-जा करते आणि काहीही वाजत नाही.

पण ती खळ्यातली दुपार मी अजून आठवून बघते. गडग्यापाशी कोण कुठे उभं होतं ते दिसतं. गवंड्याचा ओला हात दिसतो. दारातली आई दिसते, तिचे ओठ हललेलेही दिसतात. माझा शब्दन्‌शब्द मला पाठ आहे. तिचं ते 'अगो ऐक' मात्र, दोनदा म्हटलेलं, मला एकदाही ऐकू येत नाही.